बालेवाडीचा टेनिस-आठवडा

पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसमधील इनडोअर स्पर्धा ही मुळात थंड देशांची गरज. ऑक्टोबर-नोव्हेंबरात युरोपात उघड्यावर खेळणे अवघड होते, तेव्हा बासल, व्हिएन्ना, पॅरिस इथले सामने छताखाली होतात. तिथे ऊन-वारा नसल्याने जोरदार सर्व्हिस करणाऱ्याचे फावते. महाराष्ट्रात पावसाळा सरला की छत लागत नाही. त्यामुळे इथल्या स्पर्धा उघड्या कोर्टवरच वाढल्या. अडचण आली ती वेळापत्रकातला आपला आठवडा टिकवण्याची.

1970 च्या दशकात इंडियन ओपन शहरे बदलत फिरे. 1974 मध्ये ती मुंबईत झाली आणि न्यूझीलंडच्या ऑनी पारुनने टोनी रोशला हरवले; 1977 मध्ये मुंबईतच विजय अमृतराज जिंकले. पुढे 2006 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर किंगफिशर एअरलाइन्स टेनिस ओपन आली. आदल्या वर्षी हीच स्पर्धा हो ची मिन्ह सिटीत छताखाली झाली होती. मुंबईत दिमित्री तुर्सुनोव्ह, मग रिशार गास्के विजेते ठरले आणि दोनच वर्षांत ती इथूनही गेली.

पुण्याचा वाटा सर्वांत मोठा. 1996 मध्ये दिल्लीत सुरू झालेली आणि पुढल्याच वर्षी चेन्नईला गेलेली एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक दौऱ्यातली) स्पर्धा 2018 मध्ये म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने टाटा ओपन महाराष्ट्र भरवली. पहिला विजेता जिल सिमॉन. त्याने केविन अँडरसनला नमवले.

2019 ची अंतिम लढत मात्र विसरता येण्याजोगी नाही. 2.03 मीटर उंचीचा अँडरसन आणि 2.11 मीटरचा इव्हो कार्लोव्हिच समोरासमोर. तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि अँडरसन 7-6, 6-7, 7-6 असा जिंकला. कार्लोव्हिच तेव्हा 39 वर्षांचा होता. 1977 मधल्या केन रोझवॉलनंतर इतक्या वयाचा खेळाडू एटीपीच्या अंतिम फेरीत पोचला नव्हता. त्याच वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरीचे विजेतेपद पटकावले.

2020 मध्ये जानेवारीच्या सुरुवातीला एटीपी कप ही देशांची सांघिक स्पर्धा आली आणि पुण्याची स्पर्धा फेब्रुवारीवर ढकलली गेली. त्या वर्षी यिरी व्हेसेली मॅच पॉइंट वाचवत विजेता झाला. 2021 कोरोनात गेले. 2022 मध्ये जोआव सौसा जिंकला, तर दुहेरीत बोपण्णा-रामकुमार रामनाथन. 2023 मध्ये स्पर्धा पुन्हा जानेवारीत आली; टॅलन ग्रीक्सपूरने इथे कारकिर्दीतले पहिले एटीपी विजेतेपद मिळवले. हीच पुण्याची शेवटची एटीपी 250 ठरली, पुढल्या वर्षीपासून त्या आठवड्यात हाँगकाँगची स्पर्धा होऊ लागली.

बालेवाडीची कोर्ट रिकामी राहिली नाहीत. फेब्रुवारी 2024 मध्ये तिथे एटीपी दौऱ्याखालच्या पायरीची, चॅलेंजर 100 दर्जाची स्पर्धा झाली. ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशरोने जिंकली. त्याच व्हाशरोने ऑक्टोबर 2025 मध्ये पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स जिंकली; तेव्हा त्याची क्रमवारी 204 होती.