‘सासूचे केले’ : शुश्रूषा करणाऱ्याच्या संज्ञेचा सामाजिक इतिहास

१

मराठीत आजाऱ्याच्या सेवेसंबंधीचे शब्दप्रयोग विपुल आहेत. आजारपण काढणे, उठबस करणे, उस्तवार करणे, पथ्यपाणी पाहणे, उशापायथ्याशी बसणे असे कितीतरी प्रयोग सहज आठवतात. यांतील सर्वांत व्यापक प्रयोग मात्र सर्वांत अबोल आहे. ‘तिने सासूचे खूप केले’ असे आपण म्हणतो. काय केले, ते भाषा सांगत नाही. षष्ठीपुढचे कर्म गाळलेले असते आणि ऐकणाऱ्यास ते विचारावेसेही वाटत नाही.

क्रियापदांची ही समृद्धी कर्तृवाचक नामापर्यंत पोहोचत नाही. वर्षानुवर्षे घरात, वेतनावाचून हे काम करणाऱ्या व्यक्तीस आपण सून म्हणतो, मुलगी म्हणतो, पत्नी म्हणतो, क्वचित मुलगा म्हणतो. म्हणजे नाते सांगतो, काम सांगत नाही. उलट वेतन घेऊन तेच काम करणारीस ‘परिचारिका’ ही स्वतंत्र संज्ञा मिळाली. पुण्याच्या सेवासदनासारख्या १९०९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने स्त्रियांना या व्यवसायाची वाट मोकळी करून दिली, त्यासरशी संज्ञेलाही प्रतिष्ठा आली. गंमत अशी की, इस्पितळातील पगारी मदतनीस बाईस आपण ‘मावशी’ म्हणतो. पगारी व्यक्तीस नात्याचे नाव आणि नात्यातल्या व्यक्तीस कामाचे नाव नाही, अशी ही उलटापालट आहे.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. ज्या कामाच्या कर्त्यास नाव नसते, त्याची गणना होत नाही. गणना नसली की कायदा त्याची दखल घेत नाही. ही साखळी कशी जुळते आणि कोठे तुटते, हे पाहण्यास ब्रिटनमधील १९६३ ते २०१४ या काळाचा इतिहास उपयोगी पडतो. तेथे या कर्त्याचे नाव घडताना, आणि घडताना चुकतानाही, स्पष्ट दिसते.

२

मेरी वेब्स्टर या काँग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशिका. वृद्ध मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी त्यांनी १९५४ मध्ये आपले काम सोडले. १९६३ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांस पत्र लिहून आपल्यासारख्या अविवाहित मुलींची स्थिती मांडली. नोकरी सोडावी तर उपजीविका जाते आणि पुढचे निवृत्तिवेतनही जाते. न सोडावी तर घरातील वृद्धांकडे पाहणारे कोणी नसते. या पत्रास देशभरातील स्त्रियांकडून मोठ्या संख्येने उत्तरे आली. प्रत्येकीस आपली अडचण ही आपल्या एकटीच्या घरची गोष्ट वाटत होती. ती अनेक घरांतील समान स्थिती आहे, हे त्या पत्रव्यवहाराने प्रथम उघड केले.

यातून १९६५ मध्ये जी संस्था उभी राहिली तिचे नाव ‘अविवाहित स्त्री व तिचे आश्रित यांची राष्ट्रीय परिषद’ अशा अर्थाचे होते. हे नाव लक्षपूर्वक वाचावे. त्यात वैवाहिक स्थिती आहे, आश्रित आहेत. पण शुश्रूषेचा शब्द नाही. तक्रार मांडली गेली होती, ती मांडणाऱ्यांचा वर्गही ठरला होता. मात्र तो वर्ग कामावरून नव्हे, विवाह न होण्यावरून ठरला होता. परिषदेचे पहिले यश १९६७ मध्ये आश्रित नातलगासंबंधीच्या आयकर-सवलतीच्या रूपाने आले. मेरी वेब्स्टर १९६९ मध्ये निवर्तल्या. १९७१ पासून ‘अटेंडन्स अलाउन्स’ हा भत्ता सुरू झाला. परंतु तो ज्यास शुश्रूषेची गरज आहे त्याला मिळे, शुश्रूषा करणाऱ्यास नव्हे.

करणाऱ्यास प्रत्यक्ष पैसा देणारी तरतूद १९७५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने झाली व १९७६ मध्ये ती अमलात आली. तिचे नाव ‘इन्व्हॅलिड केअर अलाउन्स’. आठवड्यास किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्या आणि त्यामुळे पूर्ण वेळ नोकरी न करू शकणाऱ्या व्यक्तीसाठी हा भत्ता होता. या नावातही रुग्ण आहे, काळजी आहे. काळजी घेणारा नाही. पैसा त्याच्या हाती पडत होता, पण शीर्षकात त्यास जागा नव्हती.

३

या भत्त्यातून पतीसह राहणाऱ्या विवाहित स्त्रिया वगळण्यात आल्या होत्या. १९७४ च्या सरकारी श्वेतपत्रिकेतील युक्तिवादाचा आशय असा की, अशा स्त्रिया एरवीही घरीच असण्याचा संभव आहे. म्हणून शुश्रूषेपायी त्यांचे उत्पन्न बुडाले असे म्हणता येत नाही. हा युक्तिवाद आपल्याला परका वाटू नये. ‘ती घरीच असते’ हे वाक्य मराठी घरांतही याच अर्थाने उच्चारले जाते.

मात्र हे वगळणे केवळ सरकारच्या संकुचितपणातून आले, असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. १९६५ च्या नावात ‘अविवाहित’ हे विशेषण होतेच. ज्या निकषावर मागणी उभी राहिली, त्याच निकषाची सावली पुढच्या तरतुदीवर पडली. संज्ञा अपुरी असली की न्यायही अपुरा मिळतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

ही उणीव भरून निघण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. पहिली, १९८१ मध्ये ज्यूडिथ ऑलिव्हर यांनी स्थापिलेली ‘असोसिएशन ऑफ केअरर्स’. येथे ‘केअरर’ हे कर्तृवाचक नाम प्रथमच ध्वजासारखे पुढे आले. विवाहित की अविवाहित, स्त्री की पुरुष, मुलगी की शेजारी, हे प्रश्न मागे पडले. निकष एकच, काम. जुन्या परिषदेनेही १९८२ मध्ये आपले नाव बदलून त्यात हा शब्द घेतला आणि १९८८ मध्ये या दोन संस्था एक झाल्या.

दुसरी गोष्ट न्यायालयातील. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक या विवाहितेस भत्ता नाकारण्यात आला. हा वाद युरोपीय समुदायाच्या न्यायालयापुढे गेला. सामाजिक सुरक्षेत स्त्री-पुरुषांना समान वागणूक मिळावी, अशा आशयाचा युरोपीय निर्देश १९७८ मध्ये झाला होता. त्याच्या आधारे २४ जून १९८६ रोजी न्यायालयाने हे वगळणे भेदभावाचे ठरविले. निकालाच्या आदल्याच दिवशी ब्रिटिश सरकारने विवाहित स्त्रियांनाही भत्ता देण्याचे घोषित केले होते.

नाव स्थिरावल्यावर गणना आली. १९८५ च्या सर्वसाधारण कुटुंब-पाहणीत यासंबंधी प्रश्न विचारला गेला, तेव्हा असे काम करणारे सुमारे ६० लक्ष प्रौढ आढळले. १९९५ मध्ये माल्कम विक्स यांच्या खाजगी विधेयकातून झालेल्या कायद्याच्या शीर्षकातच ‘केअरर’ हा शब्द व ‘मान्यता’ ही कल्पना आली. २००१ च्या जनगणनेत या कामाचा स्वतंत्र प्रश्न प्रथम घातला गेला. २००३ मध्ये भत्त्याचे नाव बदलून ‘केअरर्स अलाउन्स’ झाले. म्हणजे शीर्षकात कर्ता येण्यास २७ वर्षे लागली. इंग्लंडसाठीच्या २०१४ च्या ‘केअर अ‍ॅक्ट’ने शुश्रूषा करणाऱ्याच्या स्वतःच्या गरजांची पाहणी व पात्रतेनुसार साहाय्य हा त्याचा हक्क मानला.

तथापि नाव मिळाले म्हणजे आधार मिळालाच, असे नव्हे. या भत्त्यास उत्पन्नाची मर्यादा आहे. ती किंचित ओलांडली तरी सबंध भत्ता थांबत असे. नकळत ती ओलांडलेल्या अनेकांकडून मोठ्या रकमांची परतफेड मागितली जात असल्याचा प्रश्न २०२४ मध्ये तेथे बराच गाजला. आणखी एक आक्षेप आतून आला. जेनी मॉरिस यांच्यासारख्या अपंगांच्या हक्कांविषयी लिहिणाऱ्या लेखिकांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, ‘केअरर’ची प्रतिमा जसजशी उजळते तसतशी ज्याची काळजी घेतली जाते तो केवळ ओझे ठरण्याचा धोका वाढतो. या आक्षेपाकडे पुढे पुन्हा वळू.

४

आता आपल्याकडील स्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेत आर्थिक काम न करणाऱ्यांची जी वर्गवारी होती तीत विद्यार्थी, घरकाम करणारे, अवलंबून असणारे, निवृत्तिवेतनधारक, भिक्षेकरी असे वर्ग होते. आजारी सासू ‘अवलंबून’ या वर्गात आणि तिचे करणारी सून ‘घरकाम’ या वर्गात; दोघीही ‘काम न करणाऱ्या’. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालविनियोग पाहणीने मात्र निराळे चित्र दिले. घरातील माणसांची विनावेतन काळजी घेण्यात सहभागी झालेल्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाकाठी सरासरी १३४ मिनिटे वेळ गेला, पुरुषांचा ७६ मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले. घरकामाचा वेळ याहून वेगळा.

कायद्यांची भाषाही तपासण्याजोगी आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याने मुलगा, मुलगी, नातू, नात यांवर कर्तव्य लादले. प्रत्यक्षात जिच्या हातून बहुतेक घरांत हे काम होते त्या सुनेचा त्या व्याख्येत उल्लेख नव्हता. तसेच कर्तव्य सांगणाऱ्या या कायद्याने ते पार पाडणाऱ्यास कोणता आधार द्यावा, हे सांगितले नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने व २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने एक पाऊल पुढे टाकले. दोन्हींत काळजी घेणाऱ्याची व्याख्या आली आणि ती वेतन घेणारा व न घेणारा या दोहोंस सामावून घेते. व्यापकतेच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु ज्यास वेतन नाही त्याचे वेगळे नुकसान या व्यापकतेत दिसेनासे होते. ज्यांस अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक-भत्त्याची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. पण ती संबंधित सरकारांच्या योजनांवर व आर्थिक कुवतीवर सोपविलेली आहे.

५

मग मराठीत या कर्त्यास काय म्हणावे? ‘काळजीवाहू’ हा शब्द तयार आहे. पण वृत्तपत्रांनी तो मुदत संपलेल्या सरकारांना देऊन टाकला आहे. शिवाय ‘मालवाहू’, ‘भारवाहू’ यांच्या पंगतीत तो बसतो आणि आजारी माणसास वाहून न्यावयाचे ओझे करतो. जेनी मॉरिस यांचा आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो. ‘शुश्रूषक’ हा शब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने सुंदर आहे. ‘श्रु’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो आला असून ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ आहे. रुग्णाचे ऐकणे हा सेवेचा प्रारंभ, असे त्यातून सुचते. परंतु घराघरांतील बोलण्यात तो रुळणे कठीण.

प्रस्तुत लेखिकेस वाटते की, बोलीने हा प्रश्न आधीच निम्मा सोडविला आहे. म्हातारे माणूस अंथरुणास खिळले की शेजारीपाजारी विचारतात, ‘घरी करणारं कोणी आहे का?’ हे ‘करणारं’ नपुंसकलिंगी आहे. त्यात सून नाही, मुलगी नाही, मुलगाही नाही. केवळ करणारे माणूस आहे. कर्म येथेही गाळलेलेच आहे, पण कर्ता उभा आहे. ब्रिटनमध्ये जे नाव अविवाहित स्त्रीपासून सुरू होऊन सर्वांपर्यंत पोहोचण्यास सुमारे दोन दशके लागली, ते आपल्या बोलीत आरंभापासूनच कोणास वगळत नाही. पारिभाषिक संज्ञा घडविणाऱ्यांनी व कायद्यांचे अनुवाद करणाऱ्यांनी या प्रयोगाकडे लक्ष द्यावे, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

लेखिकेच्या थोरल्या काकूंनी अंथरुणास खिळलेल्या सासूबाईंचे आठ वर्षे केले. पुढे एका कचेरीत काकूंचा अर्ज भरावयाचा होता. व्यवसायाच्या रकान्यापाशी लेखणी थांबली, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, ‘काही नाही, असं लिही.’ ते दोन शब्द त्या रकान्यात लिहिणारी व्यक्ती भाषाशास्त्राची पदवी घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. तिला दुसरा शब्द सुचला नाही. तो काकूंच्याच घरात, शेजारणींच्या तोंडी होता.