तंजावरचा इसाप आणि आपली मुले

मुलांसाठी छापलेल्या अगदी पहिल्या मराठी पुस्तकांचा माग काढताना मी मुंबई-पुण्याला नव्हे, तमिळ मुलखातल्या तंजावरला पोचलो. सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सख्खन पंडितांकडून इसापच्या गोष्टी मराठीत आणवल्या, ती 'बालबोधमुक्तावली'. मुंबईत बापू छत्र्यांची 'इसापनीतिकथा' आली १८२८ साली! दाराबाहेर दुसरी भाषा असणाऱ्या गावाने ही वाट आधी धरली, याचे मला फार अप्रूप वाटते.

आपले मूलही शाळेत कन्नड गिरवते, मराठी कानाने शिकते. म्हणून त्याचे ऐकण्याचे वय एक आणि वाचण्याचे वय दुसरे. दुकानदार इयत्ता विचारतो, ती येथे कामाची नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला इसाप वाचून दाखवावा. अक्षर जुळू लागले की 'चांदोबा'. कन्नड 'चंदमामा' १९४९चा, मराठी 'चांदोबा' १९५२चा. एकाच घरचे दोघे. २०१३च्या सुमारास ते घर मिटले, पण रद्दीत जुने अंक दिसले तर सोडू नयेत. दहाव्या-अकराव्या वर्षी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. त्यातली धावपळ मुलाला अडखळू देत नाही.

'श्यामची आई' मात्र आपण बक्षीस म्हणून आठव्या वर्षीच हाती देतो. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. एकट्याने वाचायला ते बाराव्या वर्षाआधी देऊ नये, असे माझे मत. तोवर आजीने रोज एक रात्र ऐकवावी. पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्रीच आहेत.