अनुदानित माध्यमिक शाळेचे मूल्यमापन : ऐतिहासिक परंपरा आणि पालकाचे स्थान (विशेष संदर्भ : इगतपुरी परिसर)

प्रस्तावना

जून महिन्यात इगतपुरी तालुक्यातील वाड्या-पाड्यांवर दोन कामे एकाच वेळी येऊन ठेपतात : भाताची पेरणी आणि मुलांचे शाळाप्रवेश. जिल्हा परिषदेची गावातील शाळा चौथी, सातवी किंवा फार तर आठवीपर्यंत असते. पुढील शिक्षणासाठी मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न ज्या घरात यापूर्वी कोणी दहावीपर्यंत पोहोचलेले नाही, त्या घरात अधिक कठीण असतो. महाविद्यालयात शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो : ‘सर, पोरीला कोणत्या शाळेत घालू?’ या प्रश्नाला आपण बहुधा शाळेच्या दहावीच्या निकालाचा आकडा सांगून उत्तर देतो. हे उत्तर पुरेसे आहे काय, याचा इतिहासाच्या आधारे शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, परंतु स्वतंत्र व्यवस्थापन असलेल्या शाळांना ‘चार्टर शाळा’ म्हणतात. त्यासंबंधीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पैसा शासनाचा आणि व्यवस्थापन खाजगी संस्थेचे, ही कल्पना महाराष्ट्राला मात्र नवी नाही. आपली अनुदानित माध्यमिक शाळा याच तत्त्वावर दीडशेहून अधिक वर्षे चालत आली आहे. म्हणून अशा शाळेची पारख कशी करावी, याचा अनुभवही आपल्या इतिहासात शोधता येतो.

अनुदानाचा उगम आणि ‘निकालानुसार वेतन’

१८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात सहायक अनुदानाची पद्धत सुरू केली. चांगले लौकिक शिक्षण, स्थानिक व्यवस्थापन, सरकारी तपासणीस संमती आणि थोडी का होईना, विद्यार्थ्यांकडून फी घेणे या तिच्या प्रमुख अटी होत्या. पुढे १८८२ च्या हंटर आयोगाने माध्यमिक शिक्षणाचा भार क्रमाक्रमाने खाजगी संस्थांवर सोपवावा, अशी शिफारस केली. याच आयोगापुढील निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि शाळा-महाविद्यालयांतून सरकारने अंग काढून घेण्यास विरोध दर्शविला. खाजगी व्यवस्थापनाच्या हाती शिक्षण गेल्यास बहुजनांचे काय होईल, ही त्यांची चिंता होती. आजच्या प्रश्नाचे मूळ या चिंतेत आहे.

मुंबई इलाख्यात १८६५-६६ च्या सुमारास शिक्षण संचालक सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या कारकिर्दीत ‘निकालानुसार वेतन’ ही पद्धत रूढ झाली. तपासनीस शाळेत येई, विद्यार्थ्यांची विषयवार परीक्षा घेई आणि उत्तीर्णांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरे. हिशेब स्वच्छ होता. परिणाम तसे राहिले नाहीत. ज्या मुलाच्या उत्तीर्ण होण्याची खात्री नाही, ते मूल शाळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरू लागले. अध्यापन म्हणजे तपासनिसाच्या दिवसाची तयारी, असे समीकरण बनले. लॉर्ड कर्झनच्या काळातील १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावानंतर ही पद्धत मागे पडली आणि तपासणीला अधिक महत्त्व आले. परंतु शाळेचे मोल उत्तीर्णांच्या आकड्यात पाहण्याची सवय मात्र टिकून राहिली.

पर्यायी कसोटी : बहुजन शिक्षणसंस्थांचा काळ

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यवस्थेत एक वेगळी धारा मिसळली. १९१४ मध्ये नाशिक येथे मराठा विद्या प्रसारक समाज स्थापन झाला. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात १९३७ पासून दादासाहेब बिडकर यांच्या डांग सेवा मंडळाने काम आरंभिले. या संस्थांच्या दृष्टीने पहिला प्रश्न निकालाचा नव्हता. जो शाळेत आलाच नाही, त्याला आणायचे कसे आणि आलेल्याला टिकवायचे कसे, हा होता. म्हणून त्यांच्या कार्यात वसतिगृहाला मध्यवर्ती स्थान मिळाले. १९४० मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या रयतच्या महाराजा सयाजीराव हायस्कूलने फी न घेता माध्यमिक शिक्षण देण्याचा प्रयोग केला. वुडच्या खलित्यात फी ही अनुदानाची अट होती, हे लक्षात घेता या घटनेचे महत्त्व स्पष्ट होते.

स्वातंत्र्योत्तर काळात अनुदानाचे स्वरूप बदलले. १९७७ चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम व १९८१ ची नियमावली यांनी शिक्षकास संस्थाचालकांच्या मर्जीपासून संरक्षण दिले. ही फार मोठी सुधारणा होती. मात्र ‘शाळा चांगली चालणे’ म्हणजे नियमांची पूर्तता होणे, असा अर्थही प्रशासनात रुजला. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावरील शाळांचे धोरण आले. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. २०१६ मध्ये पात्र शाळांना २० टक्के अनुदान देण्यास प्रारंभ झाला. या सर्व वाटचालीत शाळेचे मूल्यांकन झाले ते प्रामुख्याने अनुदानाची पात्रता ठरविण्यासाठी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘शाळासिद्धी’ कार्यक्रमाने स्वयंमूल्यमापनाची चौकट दिली. परंतु तिची भाषा पाड्यावरील पालकापर्यंत क्वचितच पोहोचते.

तात्पर्य, तपासनिसाची परीक्षा, नियमपालनाचा अहवाल आणि पात्रतेचे गुणांकन या तिन्ही कसोट्या पैसा देणाऱ्यासाठी घडविल्या गेल्या. मूल देणाऱ्यासाठी एकही नाही.

निकालाचा आकडा काय सांगत नाही

यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या शाळेत आठवीत ६० विद्यार्थी होते. त्यांपैकी ३६ जण दहावीच्या परीक्षेस बसले व ३४ उत्तीर्ण झाले. शाळेचा जाहीर निकाल ९४ टक्के लागेल. परंतु आठवीत आलेल्या मुलांपैकी उत्तीर्ण झाली ती सुमारे ५७ टक्केच. पालकासाठी महत्त्वाचा आकडा हा दुसरा आहे आणि तो कोठेही लावला जात नाही.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे संरक्षण चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंत आहे. त्यामुळे नववी हा खरा उंबरठा ठरतो. नववीत अनुत्तीर्ण होणे, शाळा सोडल्याचा दाखला घेणे किंवा १७ क्रमांकाचा अर्ज भरून बाहेरून परीक्षेस बसणे, या वाटांनी जे मूल बाहेर जाते, ते निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील ‘तोट्याचे मूल’ असे आजही आपल्या हिशेबाबाहेर राहू शकते.

अर्थात, प्रत्येक गळतीचा दोष शाळेवर ठेवणे अन्यायाचे होईल. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये इगतपुरीस आली आणि गाव मुंबईशी जोडले गेले; तरी परिसरातील अनेक पाड्यांवरून माध्यमिक शाळेपर्यंतची वाट पावसाळ्यात आजही खडतर आहे. आवणीच्या दिवसांत मुले शेतात असतात. पीक निघाल्यावर काही कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात. मुलींचे लवकर होणारे विवाह हेही कारण आहेच. म्हणून तुलना करायची ती याच परिस्थितीत काम करणाऱ्या दोन शाळांची. शहरातील शाळेशी नव्हे.

पालकाने काय विचारावे

प्रवेशापूर्वी पालकाने पुढील गोष्टींची चौकशी करावी : तीन वर्षांपूर्वी आठवीत किती मुले होती व त्यांतील किती दहावीस बसली, त्यांत मुली किती, गणित, विज्ञान व इंग्रजीचे शिक्षक प्रत्यक्ष आहेत की पदे रिक्त आहेत, आवणीनंतर परतलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास कसा भरून काढला जातो, मुलींसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे काय, शेवटची एस.टी. चुकल्यास मुलगी घरी कशी पोहोचते. यांपैकी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे प्रवेश-निर्गम नोंदवही, हजेरीपट व संचमान्यता यांत असतात. शाळा शासकीय अनुदानावर चालत असल्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये ही माहिती, व्यक्तिगत तपशील वगळून, मागता येते. उरलेली उत्तरे शाळेत जाऊन, तेथील मुलांशी बोलूनच मिळतील.

केवळ शाळेच्या प्रकारावरून तिची गुणवत्ता ठरविता येत नाही, हे अमेरिकेतील अनुभवही सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या केंद्राने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणितातील प्रगतीबाबत १७ टक्के चार्टर शाळा तुलनेतील सार्वजनिक शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के निकृष्ट आणि उर्वरित सारख्याच आढळल्या. त्याच केंद्राच्या पुढील अभ्यासांत चित्र सुधारलेले दिसते. तथापि शाळाशाळांतील तफावत कायम राहिली. तेथे चार्टर हा मुदतीचा करार असतो व त्याचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते. आपल्याकडे अशी मुदत नाही. म्हणूनच येथे पालकाच्या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे.

समारोप

अनुदानित शाळा ही महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची मोठी मिळकत आहे. तिला दूषण देणे हा या विवेचनाचा हेतू नाही. ज्या संस्थांनी मूल आणणे व टिकविणे ही आपली कसोटी मानली, त्यांचीच परंपरा येथे पुन्हा पुढे ठेवली आहे. या कामी महाविद्यालयीन अध्यापकांना एक सोपी गोष्ट करता येईल. आपल्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना, आठवीत त्यांच्यासोबत बसणारी मुले आज कोठे आहेत, एवढेच विचारावे. त्या उत्तरांतून परिसरातील शाळांचे जे चित्र उभे राहील, ते कोणत्याही निकालपत्रकापेक्षा पालकाच्या अधिक उपयोगी पडेल. आपल्या वर्गात पोहोचलेल्या मुलांवरून शाळेची पारख करणे सोपे आहे. न पोहोचलेल्या मुलांवरून ती करणे हे इतिहासाने आपल्यावर सोपविलेले काम आहे.