काळ्या थरांखालचा रुब्लेव्ह

विद्यापीठात रशियन संस्कृतीची तोंडओळख करून देताना आंद्रेई रुब्लेव्हचे ‘त्रैक्य’ बहुधा पहिल्या काही तासांतच पुढे येते. अब्राहामाकडे अतिथी म्हणून आलेले तीन देवदूत, मधोमध एक पात्र, आणि तो प्रसिद्ध निळा रंग. पंधराव्या शतकातल्या रशियाचा आत्मा इथे पाहा, असे विद्यार्थ्याला सांगितले जाते. माझ्या मते हे अर्धेच खरे आहे. चित्र पंधराव्या शतकात रंगवले गेले, पण आज दिसते तसे ते दिसू लागले विसाव्या शतकात. या दुसऱ्या घटनेचा हिशेब न घेता पहिलीबद्दल निष्कर्ष काढणे म्हणजे पुरावा न तपासताच साक्ष मान्य करणे.

आयकॉन, म्हणजे अशी पूजेची चित्रे, लाकडी फळीवर, पांढऱ्या अस्तरावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी काढत आणि वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात देत. या तेलाने रंग खुलतात खरे, पण तेच तेल मेणबत्त्यांची काजळी धरून ठेवते आणि काही पिढ्यांत काळे पडते. आकृत्या दिसेनाशा झाल्या की नवा चित्रकार त्याच रेषांवरून पुन्हा रंगवी, त्यावर पुन्हा तेल. शेंदराचे थर चढत जाऊन मूळ मूर्ती झाकली जावी, तसाच हा प्रकार. ‘त्रैक्या’वर तर सोळाव्या शतकापासून सोन्याचे मढवण होते, त्यातून चेहरे, हात आणि पाय एवढेच उघडे राहत. म्हणजे पुश्किन, गोगोल, दस्तयेव्हस्की यांच्यापैकी कोणीही तो निळा रंग पाहिलेला नाही. रशियन संस्कृतीचा सलग धागा जोडताना ही साधी गोष्ट किती वेळा विसरली जाते!

१९०४ साली संग्राहक आणि चित्रकार इल्या ओस्त्रोउखोव्ह यांच्या पुढाकाराने वासिली गुर्यानोव्हने सेर्गियेव पोसादच्या मठातल्या या चित्रावरचे मढवण उतरवले. खाली मिळाले ते अलीकडच्या काळात, पालेखच्या कारागिरांच्या वळणाने रंगवलेले चित्र. त्या थराखाली रुब्लेव्ह होता. त्या वेळची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि ती अभ्यासक्रमात मूळ चित्राच्या शेजारी ठेवायला हवीत. काम झाल्यावर मढवण पुन्हा चढले. क्रांतीनंतर चित्रकार आणि कलाइतिहासकार इगोर ग्राबारच्या आयोगाने १९१८ पासून नव्याने सफाई केली आणि १९२९ मध्ये चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह दालनात गेले. त्याआधी १९०५ च्या धर्मसहिष्णुतेच्या फर्मानाने, धर्मप्रमुख निकोनच्या सुधारणा नाकारून जुने विधी पाळणाऱ्यांना मोकळीक मिळाली. जुने आयकॉन जपून ठेवण्यात याच लोकांचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये फ्रेंच चित्रकार मातीस मॉस्कोला आला तेव्हा ओस्त्रोउखोव्हचा संग्रह पाहून भारावून गेला. १९१३ मध्ये रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दीनिमित्त प्राचीन रशियन कलेचे मोठे प्रदर्शन भरले. सपाट रंग, लयदार रेषा, खोलीचा आभास नाकारणारी मांडणी यांचे कौतुक करायला नव्या चित्रकलेने नजर आधीच तयार केली होती. आपण आजही त्याच नजरेने पाहतो.

मग हे रुब्लेव्हचेच, हे तरी कशावरून? १४०५ च्या नोंदीत तो थिओफानीस ग्रीक आणि गोरोदेत्सच्या प्रोखोरबरोबर क्रेमलिनमध्ये काम करताना दिसतो, १४०८ च्या नोंदीत चित्रकार दानिइलबरोबर व्लादिमीर शहरात. ‘त्रैक्या’विषयी त्याच्या हयातीतली एकही नोंद नाही. १५५१ ची धर्मसभा त्रैक्य रुब्लेव्हसारखे काढावे असे सांगते. मठाचे संस्थापक संत सेर्गिय यांच्या स्तुतीसाठी रुब्लेव्हकडून ते काढून घेतले गेले, हे सांगणारा मजकूर सतराव्या शतकातला आहे. उरते शैलीची तुलना, पण व्लादिमीरच्या भित्तिचित्रांतही कोणता हात रुब्लेव्हचा आणि कोणता दानिइलचा हे ठरवावे लागते. म्हणून काळाबद्दलही एकमत नाही. कोणी १४१० च्या आसपास जातो, कोणी १४२० नंतर. कर्तृत्वाचा निष्कर्ष मला पटतो, पण तो निष्कर्ष आहे, नोंद नव्हे, हा फरक विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी कळला पाहिजे.

यावर भक्ताच्या बाजूने येणारा आक्षेप वजनदार आहे. काळवंडलेल्या, मढवलेल्या आयकॉनपुढेही लोक प्रार्थना करत होते. त्यांच्यासाठी चित्र कधी हरवलेच नव्हते. मला हे मान्य आहे. पण त्यातून सिद्ध होते ते प्रार्थनेचे सातत्य, दृष्टीचे नव्हे, आणि अभ्यासक्रम नेमकी याच दोहोंची सरमिसळ करतो. दुसरा आक्षेप असा की, मग हे सारे विसाव्या शतकाने रचलेले मानायचे का? मुळीच नाही. सफाईत मुख्यतः वरचे थर काढले गेले. गुर्यानोव्हने जिथे स्वतःचा रंग भरला होता, तोही पुढच्या पथकाने बऱ्याच अंशी हटवला. रंग पंधराव्या शतकातलाच आहे. फक्त काय ठेवायचे आणि काय खरवडायचे याचा निर्णय विसाव्या शतकाने घेतला, आणि त्या निर्णयात मधल्या पिढ्यांचे हात पुसले गेले.

२०२३ मध्ये रशियन शासनाने हे चित्र चर्चच्या हवाली करायचे ठरवले आणि पुढच्या वर्षी ते सेर्गियेव पोसादच्या मठात परतले. चर्चचे म्हणणे, हे प्रार्थनेसाठी काढले होते. संवर्धनतज्ज्ञांचा विरोध फळीच्या आणि रंगाच्या नाजूक अवस्थेवरून होता: जे आवरण एकेकाळी चित्र लपवत होते, तेच त्याला सांभाळतही होते, आणि ते आता उरलेले नाही.