बालविधिसाहाय्य

बालविधिसाहाय्य : निराधार, बंदिस्त, अपंग, स्थलांतरित अथवा अन्य कारणाने असुरक्षित अवस्थेत सापडलेल्या बालकांना व तरुणांना शिक्षण, निवारा, औषधोपचार व पुनर्वसन या विधिमान्य हक्कांचा प्रत्यक्ष लाभ मिळावा, म्हणून वकील, विधी स्वयंसेवक व समाजकार्यकर्ते न्यायालये, बालकल्याण समित्या व सरकारी दफ्तरे यांच्यापुढे जे विनामूल्य कार्य करतात, ते. सामान्य विधिसाहाय्याचा भर आरोपीच्या बचावावर असतो. बालविधिसाहाय्यात शाळाप्रवेश, वसतिगृहातील जागा व उपजीविकेचे शिक्षण यांना बचावाइतकेच महत्त्व दिले जाते, कारण ज्या मुलाची न्यायासनाने मुक्तता केली त्याला शाळेने दारातून परत पाठविले, तर ती मुक्तता कागदावरच राहते. प्रस्तुत नोंदीत भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, या कार्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : या कार्याचा उगम दोन स्वतंत्र प्रवाहांत आढळतो. पहिला सक्तीच्या शिक्षणाचा : बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले त्याच आशयाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले, आणि १९१७ मध्ये शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात तो संकल्प अंमलात आणला. दुसरा प्रवाह निराश्रित व गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या संगोपनाचा : १९२० च्या मद्रास व १९२२ च्या बंगाल अधिनियमांपाठोपाठ १९२४ मध्ये मुंबई बालक अधिनियम संमत झाला व १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. एका प्रवाहाचा कारभार शिक्षणखात्याकडे व दुसऱ्याचा संगोपन पाहणाऱ्या खात्याकडे गेल्यामुळे, एकाच मुलाचे दोन हक्क दोन कचेऱ्यांत वाटले गेले. बालविधिसाहाय्याचे खरे प्रयोजन या विभागणीतून निर्माण झाले आहे : हक्क देणारा कायदा बहुधा असतोच, परंतु एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या मेजावर नेऊन त्यावर हुकूम मिळविणारा माणूस नसतो.

बालन्यायालय हे शासन करणारे नसून पित्याच्या ममतेने सांभाळ करणारे असल्यामुळे तेथे वकिलाची गरज नाही, असा समज पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ रूढ होता. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट प्रकरणात हा समज अमान्य करून, ज्याचे स्वातंत्र्य हिरावले जाण्याचा संभव आहे अशा मुलाला वकील मिळालाच पाहिजे, असे ठरविले.

घटनात्मक व वैधानिक आधार : १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अंतर्भूत झालेल्या ३९-अ या अनुच्छेदाने मोफत विधिसाहाय्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली, हुसैनारा खातून प्रकरणात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने अशा साहाय्याचा अंतर्भाव जीवित व स्वातंत्र्य यांच्या मूलभूत हक्कात केला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्याच्या १२ व्या कलमान्वये बालकाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शिक्षणाच्या बाजूने उन्नीकृष्णन प्रकरणाचा निर्णय (१९९३), २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने आलेला २१-अ हा अनुच्छेद आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (२००९) हे तीन टप्पे निर्णायक ठरले. अपंग बालकांसाठी २०१६ च्या अधिनियमाने, लक्षणीय अपंगत्व असल्यास, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला.

प्रमुख न्यायनिर्णय : या क्षेत्रातील पहिला मोठा लढा एका मुंबईकर पत्रकार स्त्रीने दिला. शीला बारसे यांनी तुरुंगांत डांबलेल्या सोळा वर्षांखालील मुलांविषयी केलेल्या अर्जावर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलांना तुरुंगात ठेवू नये, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र अशा आरोपांचा तपास तीन महिन्यांत व खटला सहा महिन्यांत निकाली काढावा, असे निर्देश दिले आणि बालकांविषयी देशभर एकसारखा कायदा असण्याची निकड प्रतिपादिली. त्याच वर्षी केंद्रीय बालन्याय अधिनियम संमत झाला, ज्याची जागा पुढे २००० व २०१५ च्या अधिनियमांनी घेतली. गौरव जैन प्रकरणात वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा व वसतिगृहे काढण्याची कल्पना न्यायालयाने नाकारली, कारण अशा विलगीकरणाने कलंक मिटण्याऐवजी कायम होतो. १९९७ च्या निर्णयात या मुलांच्या पुनर्वसनाविषयी निर्देश देण्यात आले. आईसमवेत तुरुंगात राहणाऱ्या सहा वर्षांखालील मुलांच्या आहार, आरोग्य व शिक्षणाविषयीचे दंडक २००६ च्या आर. डी. उपाध्याय प्रकरणात घालून देण्यात आले.

कार्यपद्धती : काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, विधिसंघर्षग्रस्त बालकाचे प्रकरण एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते यांच्या बाल न्याय मंडळापुढे चालते व तेथे विधिसाहाय्य उपलब्ध करून देणे हे मंडळाचेच कर्तव्य असते. वकीलपत्र दाखल झाल्यावर पहिला प्रश्न बहुधा वयाचा असतो. २०१५ च्या अधिनियमाचे ९४ वे कलम वयाचा पुरावा म्हणून प्रथम शाळेचा दाखला, तो नसल्यास स्थानिक संस्थेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी मान्य करते. त्यामुळे ज्याची शाळा लवकर सुटली, त्या मुलाला बालक म्हणून सिद्ध होणेही अवघड जाते.

शाळेच्या दारात मात्र कायद्याचा क्रम उलटा आहे, आणि पुष्कळ मुख्याध्यापकांना ही गोष्ट अर्जासोबत कलमे उद्धृत करून दाखवावी लागते. शिक्षणहक्क अधिनियमाच्या १४ व्या कलमानुसार वयाचा दाखला नाही या सबबीवर, ५ व्या कलमानुसार आधीची शाळा सोडल्याचा दाखला यायला विलंब झाला या सबबीवर, आणि १५ व्या कलमानुसार प्रवेशाची मुदत उलटली या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. ४ थे कलम शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्यास सांगते. तरीही नकार मिळाल्यास ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावयाचा असतो, आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील चालते. बालगृहातील मुलाच्या बाबतीत वैयक्तिक संगोपन आराखड्यात शाळेचा विषय स्पष्टपणे लिहवून घेणे, हे अनुभवी विधी स्वयंसेवक आपले पहिले काम समजतात, कारण पुढील प्रत्येक तारखेला त्या आराखड्यावरच बोट ठेवता येते. प्रकरण निकाली निघाल्यानंतरही, ज्या तरुणाला पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला हवा असतो, त्याच्या बाल्यातील प्रकरणाची नोंद त्या कामासाठी उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय अधिनियमाचे ७४ वे कलम मनाई करते, व २४ वे कलम त्या प्रकरणामुळे येणारी अपात्रता सर्वसाधारणपणे दूर करते.

महाराष्ट्रातील स्वरूप : संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनिसेवा १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रायोगिक प्रकल्पातून सुरू झाली. ग्रामीण भागात प्रश्नाचे रूप निराळे आहे : मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे हंगामात फडावर गेली की मुलांची शाळा मध्येच सुटते, आणि हंगामी वसतिगृह, बदलीचा दाखला व परतल्यावरचा पुनःप्रवेश या तिन्ही गोष्टी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या पातळीवर पदरात पाडून घ्याव्या लागतात. शिक्षणहक्क अधिनियमाखाली खासगी विनाअनुदानित शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के जागांबाबत, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्दबातल ठरविली. शासकीय हुकुमाने संकोचलेला हक्क पालकांच्या याचिकांनी पूर्ववत झाल्याचे हे अलीकडचे ठळक उदाहरण होय.

मर्यादा : शिक्षणहक्क अधिनियमाची मर्यादा चौदाव्या वर्षी संपते, बालन्याय अधिनियमाची अठराव्या वर्षी, आणि संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांच्या अनुरक्षणाची तरतूद साधारणतः एकविसाव्या वर्षापर्यंत पोहोचते. चौदा ते अठरा या वयात, धोकादायक नसलेली मजुरी कायद्याने मान्य असताना, मोफत शिक्षणाचा सर्वसाधारण मूलभूत हक्क मात्र उपलब्ध नसतो. म्हणून नववी-दहावीत गळणाऱ्या मुलासाठी वकिलाला संगोपनाचा कायदा, अपंगत्वाचा कायदा अथवा शिष्यवृत्तीचा शासननिर्णय यांतून वाट काढावी लागते. संपूर्णा बेहुरा प्रकरणात (२०१८) सर्वोच्च न्यायालयाने आयोग, समित्या व मंडळे यांतील रिक्त पदे वेळेवर भरण्याचा व उच्च न्यायालयांनी अंमलबजावणीवर स्वतःहून देखरेख करण्याचा आग्रह धरला. समितीवर सदस्यच नसतील, तर सर्वोत्तम मसुद्याचा अर्जही दाखल होऊन पडून राहतो, याची ही न्यायालयीन कबुली म्हणता येईल.