तक्ता आणि अंगण : सामुदायिक पोषणकार्यातील आहारशास्त्रज्ञ

‘अंगणवाडी’ हा शब्द आज भारतातील बहुतेक सर्व राज्यांच्या शासकीय दप्तरांत आढळतो. तमिळ, बंगाली वा पंजाबी भाषक माता तो आपल्याच भाषेतला असल्यासारखा उच्चारते. आधुनिक मराठीने अखिल भारतीय प्रशासनाला दिलेल्या शब्दांत इतका दूरवर गेलेला दुसरा शब्द क्वचितच सापडेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून हा शब्द घडला. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालविले. त्यांचे ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. या मूळ अंगणवाडीत मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी-गोष्टी सांगणे हे सारे होते. परंतु तिचे अधिष्ठान शिक्षणाचे होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा शिक्षणाचा हा शब्द पोषणाच्या कार्यक्रमाने स्वीकारला. योजनेतील सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण होतेच. पण लोकमानसात अंगणवाडी म्हणजे ‘खाऊ मिळण्याची जागा’ असे समीकरण रूढ झाले. शिक्षिकेच्या अंगणात आहारशास्त्रज्ञ आला तो कोणत्या वाटेने, आणि तेथे प्रत्यक्ष उभा राहिला की केवळ आपला तक्ता भिंतीवर लावून परतला, हा प्रश्न शास्त्राच्या इतिहासाइतकाच भाषेच्या इतिहासाचाही आहे.

ही वाट निलगिरीतील कुन्नूर येथून निघते. तेथील पाश्चर संस्थेच्या एका खोलीत १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीचा शोध घेण्यास आरंभ केला. याच खोलीतून पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. ती १९५८ मध्ये हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये राष्ट्रीय पोषण संस्था झाली. मॅककॅरिसन यांचे सर्वांत प्रसिद्ध प्रयोग उंदरांवरचे होते. उंदरांच्या वेगवेगळ्या गटांना त्यांनी शीख, पठाण, मराठा, बंगाली, मद्रासी असे निरनिराळे ‘आहार’ दिले आणि त्यांच्या वाढीची तुलना केली. शीख आहारावरचे उंदीर धष्टपुष्ट निघाले, मद्रासी आहारावरचे खुरटले. निष्कर्षात तथ्य होते. सडलेल्या-धुतलेल्या तांदळाचे दुष्परिणाम त्यातून उघड झाले. तथापि येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. सैन्यभरतीच्या वसाहती वाङ्मयाने ज्यांना ‘लढाऊ जमाती’ म्हटले, तेच वर्गीकरण प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांवर आले. एका प्रांतातील जमीनदाराचे ताट आणि त्याच्या सालगड्याचे ताट यांतील अंतर दोन प्रांतांतील अंतराहून मोठे असू शकते, हे त्या पिंजऱ्यांत दिसणे शक्य नव्हते.

त्यांच्यानंतर १९३५ मध्ये आलेले वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका सिद्ध केली. आरोग्य पत्रक क्रमांक २३ या रुक्ष नावाची ही पुस्तिका भारतीय आहारशास्त्राचा मूलग्रंथच म्हणावी लागेल. नाचणी, शेवग्याचा पाला, राजगिरा यांना तिच्यामुळे प्रथमच गव्हा-दुधाच्या पंक्तीत, त्याच स्तंभांत, आकड्यांची प्रतिष्ठा मिळाली. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तिला नवे रूप दिले, २०१७ मध्ये नवे तक्ते आले. परंतु पदार्थ डावीकडे आणि गुण उजवीकडे हा साचा टिकून राहिला. ताटाचे तक्त्यात झालेले हे भाषांतर होय. प्रत्येक भाषांतरात काही निसटते, तसे येथे पंगत, उपवास, बाळंतिणीचा खुराक आणि घरात शेवटी जेवणारी स्त्री निसटली. सर्वेक्षणांतील ‘उपभोग एकक’ या परिमाणात तर प्रौढ पुरुष १ धरला जाई आणि स्त्री त्याहून कमी.

तक्त्याची मर्यादा एक्रॉइड यांना स्वतःलाही पाहावी लागली. १९४३ च्या बंगाल दुष्काळाच्या चौकशी आयोगाचे ते सदस्य होते. आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख ठरविली. तो अंदाज कमी होता, रस्त्याकडेला मेलेल्यांचा त्यात पुरेसा हिशेब नव्हता, असे त्यांनी १९७४ मध्ये आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात मान्य केले. कोणत्या धान्यात काय आहे हे अचूक सांगू शकणाऱ्या शास्त्राला ते धान्य कोणाच्या हाती पडते हे सांगण्याची भाषा अद्याप गवसलेली नव्हती.

कुन्नूरच्या याच प्रयोगशाळेत कमला सोहोनी यांनी काही काळ काम केले. केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या या संशोधिकेने पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. त्यांच्या भगिनी म्हणजे दुर्गा भागवत. एक बहीण लोककथा, ऋतू आणि ‘खमंग’सारख्या पुस्तकातून पाककृती लिहिते, तर दुसरी ताडामाडाचा रस परीक्षानळीत तपासते. अन्नविषयक ज्ञानाच्या या दोन शाखा एकाच घरात नांदल्या. कार्यक्रमांच्या आखणीत मात्र त्यांची गाठ पडली नाही.

शब्दांची सत्ता किती दूर पोहोचते याचे उत्तम उदाहरण ‘क्वाशिओरकोर’ हे आहे. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आफ्रिकेतील गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, हा बालरोग वर्णिला आणि १९३५ मध्ये त्याला तेथील गा भाषेतलेच नाव दिले. धाकटे भावंड आल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा आजार, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. नावात आख्खी कथा आहे : आई, दोन मुले, तुटलेले दूध. वैद्यकाने ती बाजूला सारून ‘प्रथिनांचा अभाव’ एवढाच अर्थ घेतला. १९६० च्या दशकात जगभर ‘प्रथिनांची दरी’ हा घोष सुरू झाला. हैदराबादला गोपालन यांना मात्र वेगळे दिसले. एकाच प्रकारच्या आहारावरची काही मुले सुजत होती, तर काही सुकत होती. अन्नच पोटभर नसेल तर प्रथिनेही इंधन म्हणून जळतात. मुख्य उणीव भाकरीची होती. घरगुती गहू, हरभरा, शेंगदाणे व गूळ यांचे ‘हैदराबाद मिश्रण’ याच विचारातले.

याच सुमारास पां. वा. सुखात्मे हेही संख्याशास्त्राच्या मार्गाने तशाच निष्कर्षाप्रत आले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेत दीर्घकाळ सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. १९७० नंतर ते पुण्यास परतले. पण येथून दोघांच्या वाटा फुटल्या. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० कॅलरी हा निकष घेऊन भारतातील दारिद्र्य मोजले होते. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की एकाच व्यक्तीची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर कमी आहाराशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते; म्हणून सरासरीखालील प्रत्येकास उपाशी म्हणणे चूक आहे. १९८२ मध्ये पुण्याहून त्यांनी संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली. गोपालन यांनी १९८३ मध्ये तिचा कठोर समाचार घेतला. लहान चणीचे निरोगीपण गरिबांपुरतेच कसे, हा त्यांचा सवाल होता.

या वादात सुखात्मे यांना केवळ खलपुरुष ठरविणे अन्यायाचे होईल. शुद्ध पाणी आणि स्वच्छता यांवाचून दिलेले अन्न अंगी लागत नाही, हे त्यांचे प्रतिपादन आज अधिकच पटते. तरीही ‘जुळवून घेणे’ या क्रियापदात जी सोशिकता दडली आहे, ती शास्त्राची नव्हे, समाजव्यवस्थेची आहे. खुरटलेले शरीर हे जुळवून घेण्याचे यश नसून त्यासाठी मोजलेली किंमत आहे, हे गोपालन यांनी ओळखले. कोट्यवधी माणसे एका व्याख्येने भुकेल्यांत मोडत होती आणि दुसऱ्या व्याख्येने त्यातून बाहेर पडत होती. आहारशास्त्रज्ञाची लोककार्यातील सर्वांत मोठी भूमिका कदाचित हीच ठरली : भूक कोणती म्हणायची हे ठरविणे.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या शब्दांत पुढे आला. २००१ मध्ये ‘सर्च’ आणि सहयोगी संस्थांनी राज्यातील बालमृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षक होते ‘कोवळी पानगळ’. आकडेवारीच्या अहवालाला कवितेसारखे नाव देण्यात कोणी भावनाविवशता पाहील. पण त्या नावानेच हा विषय विधिमंडळात आणि घराघरांत पोहोचला, हेही खरे. मराठीत ‘पोषण’ हा शब्द पालनपोषण, भरणपोषण, पोशिंदा अशा नात्यांनी भरलेला होता. शासकीय वापरात तो कॅलरींपुरता आकसला होता. या शीर्षकाने त्यात पुन्हा मूल दिसू लागले.

अंगणात प्रत्यक्ष उभी राहिली ती अंगणवाडी सेविका. वजनकाटा तिच्या हाती, वाढीचा आलेख तिच्या वहीत. आहारशास्त्रज्ञ तिला प्रशिक्षणापुरता भेटे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी मानके दिली. पुढे ती योजनेत आल्यावर वही बदलली आणि त्याच मुलांच्या श्रेणीही बदलल्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आहारपुरवठ्यात ठेकेदार नकोत असे बजावले, तेव्हा अन्न कोणी शिजवावे हा जुना प्रश्न कायद्याच्या भाषेत आला. २०२१ पासून सेविकेची नोंद मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये जाऊ लागली. इतके सारे करणारी ही स्त्री मात्र योजनेच्या आरंभापासून ‘मानसेवी’, आणि तिला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील सेविकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपदान कायद्याच्या संदर्भात हे मानधन म्हणजे वेतनच होय, असा निर्णय दिला.