श्वसनाचे मोजमाप

अन्नातील ऊर्जा शरीराला कशी मिळते, हा प्रश्न मोजमापाच्या कक्षेत आला तो 1782-83 च्या हिवाळ्यात, पॅरिसमध्ये. अंत्वान लाव्हाझिए आणि प्येर-सिमाँ लाप्लास यांनी त्यासाठी एकात एक बसणाऱ्या तीन कप्प्यांचे पात्र वापरले. सर्वांत आतल्या जाळीच्या पिंजऱ्यात गिनीपिग, त्याभोवती ठेचलेला बर्फ आणि बाहेरच्या कप्प्यात पुन्हा बर्फ. बाहेरच्या बर्फाचे काम एकच, खोलीतली उष्णता आत पोचू न देणे. त्यामुळे मधल्या कप्प्यातला बर्फ वितळे तो केवळ प्राण्याच्या अंगच्या उष्णतेने. तळाच्या तोटीतून आलेले पाणी गोळा करून तोलले जाई. दहा तासांत ते सुमारे 13 औंस भरले. गिनीपिग त्या वेळात जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, तेवढाच वायू कोळसा जाळून मिळवला, तर सुमारे साडेदहा औंस बर्फ वितळेल, असा हिशेब निघाला. आकडे तंतोतंत जुळले नाहीत. तरीही श्वसन हे एक संथ ज्वलन आहे, असे म्हणण्याइतके ते जवळ होते.

हे ज्वलन फुप्फुसांत होते, असे लाव्हाझिएला वाटत होते. 1794 मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याला गिलोटिनवर चढवले गेले आणि हा मुद्दा पुढच्या पिढ्यांवर राहिला. 1837 मध्ये बर्लिनच्या हाइनरिख माग्नुसने रक्तातले वायू मोजले. रोहिणीतल्या रक्तात ऑक्सिजन अधिक आणि नीलेतल्या रक्तात कमी आढळला. म्हणजे ऑक्सिजन फुप्फुसांच्या पुढे कुठे तरी खर्च होत होता. निर्णायक पुरावा 1870 च्या दशकात बॉन येथे एडुआर्ड फ्ल्यूगरच्या प्रयोगशाळेतून आला. तिथे बेडकांच्या शरीरातले रक्त काढून त्याजागी मिठाचे पाणी भरले, तरी ते बेडूक ऑक्सिजन घेत आणि कार्बन डायऑक्साइड सोडत राहिले. श्वसन पेशींमध्ये होते, हे यातून सिद्ध झाले. जीवशास्त्राच्या इतिहासात या प्रयोगाला मिळते त्याहून कितीतरी मोठे स्थान मिळायला हवे.

पेशी फोडली तर काय होते, हा पुढचा प्रश्न. एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नसताना साखर घालताच बुडबुडे येऊ लागले. 1897 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षामुळे किण्वनासाठी अखंड पेशी लागत नाही, पेशीतली विकरे पुरतात, हे कळले. ग्लुकोजपासून पायरुविक आम्लापर्यंतच्या पायऱ्या पुढच्या चार दशकांत अनेकांनी मिळून उलगडल्या.

ऑक्सिजन वापरणारा भाग मात्र अधिक अवघड होता. तो मोजण्याचे साधन बर्लिनच्या ओटो वारबुर्गने घडवले. काचेच्या लहान चंबूत ऊतीचे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ काप द्रवात तरंगत ठेवायचे. चंबूच्या मधोमध असलेल्या वाटीत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असे; बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड ते शोषून घेई. चंबू ठरावीक तापमानाच्या पाण्यात सतत हलवला जाई, आणि ऊती ऑक्सिजन वापरू लागली की जोडलेल्या दाबमापकाच्या नळीतला द्रव सरके. तो किती सरकला, ते दर काही मिनिटांनी वाचून लिहायचे.

हे तंत्र हान्स क्रेब्ज वारबुर्गकडे शिकला. ज्यू असल्यामुळे 1933 मध्ये नाझी राजवटीत त्याची फ्रायबुर्गची नोकरी गेली आणि तो इंग्लंडला आला. 1937 मध्ये शेफील्ड येथे विल्यम जॉन्सन या विद्यार्थ्याबरोबर त्याने कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग केले. उडण्यासाठी लागणाऱ्या या स्नायूत श्वसनाचा वेग फार मोठा असतो. त्यात थोडेसे सायट्रिक आम्ल घातले, तर ते आम्ल पूर्ण जळायला लागेल त्याहून बराच जास्त ऑक्सिजन खर्च होई. याचा अर्थ ते आम्ल पुन्हा पुन्हा तयार होत होते. ऑक्झॅलोअॅसिटिक आम्ल घातल्यावर सायट्रिक आम्ल तयार होते, हेही दिसले आणि वर्तुळ पूर्ण झाले. ‘नेचर’ने जागा नसल्याचे कळवून ही टिपणी परत केली, ती ‘एन्झायमॉलॉजिया’त छापून आली. क्रेब्जला 1953 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सुटलेली ऊर्जा साठते ती अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेटमध्ये, म्हणजे एटीपीत. हा रेणू 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना सापडला. क्रेब्जचे चक्र तंतुकणिकेत चालते, हे युजीन केनेडी आणि अल्बर्ट लेनिंजर यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. पण एटीपी तयार कसे होते? 1961 मध्ये पीटर मिचेलने मांडले, की श्वसनामुळे तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी बनते. अनेक वर्षे हे मत बहुतेकांनी नाकारले. 1978 मध्ये त्यालाच नोबेल मिळाले. प्रोटॉनांचा हिशेब मांडल्यावर जुना आकडाही बदलला. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे 38 रेणू मिळतात, असे पाठ्यपुस्तके दीर्घकाळ सांगत आली. आता तो आकडा 30 ते 32 धरला जातो.